मुरलेल्या अमेरिकाना गीतकाराची मैफल: तिकिटापासून सहीपर्यंत

कंट्री, फोक, ब्लूज, ब्लूग्रास, गॉस्पेल आणि जुनं रॉक अँड रोल यांच्या मिश्रणाला अमेरिकेत अमेरिकाना म्हणतात. नाव तसं अलीकडचं. अमेरिकाना म्युझिक असोसिएशन १९९९ मध्ये स्थापन झाली, आणि ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट अमेरिकाना अल्बमचा वेगळा पुरस्कार २०१० पासून दिला जाऊ लागला. गाणारे मात्र त्याआधी कितीतरी वर्षांपासून दौरे करत आहेत: एमिलू हॅरिस (जन्म १९४७), रॉडनी क्रॉवेल (१९५०), लुसिंडा विल्यम्स (१९५३), स्टीव्ह अर्ल (१९५५), लाईल लव्हेट (१९५७). या मंडळींकडे रोषणाई, नाच, पडद्यावरची चित्रं यांना फारसं स्थान नसतं. गाणं उभं राहतं ते शब्दांवर. त्यामुळे तिकीट काढण्यापासून खुर्ची निवडण्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: शब्द ऐकू येतील का?

आधी हॉल, मग खुर्ची

एकच गायक एकाच दौऱ्यात दीडशे खुर्च्यांच्या खोलीत गातो आणि अडीच हजारांच्या सभागृहातही गातो. दोन्ही तारखा आवाक्यात असतील तर लहान जागा घ्या. तिथली शेवटची रांगही मोठ्या सभागृहातल्या चांगल्या रांगेइतकी जवळ असते.

सर्वांत उत्तम म्हणजे लिसनिंग रूम. बसून, गप्प राहून ऐकण्यासाठीच असलेली, साधारण शंभर ते पाचशे जणांची जागा. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा क्लब पसीम (१९५८ मध्ये क्लब ४७ या नावानं सुरू झालेला), न्यूयॉर्क राज्यात सॅराटोगा स्प्रिंग्जचं कॅफे लेना (१९६०), मिशिगनमध्ये ॲन आर्बरचं द आर्क (१९६५, सुमारे ४०० खुर्च्या), कॅलिफोर्नियात बर्कलीचं फ्रेट अँड साल्व्हेज (१९६८) ही ठळक नावं. या चारही संस्था ना-नफा तत्त्वावर चालतात. अशा संस्थांचे सभासद असतात आणि अनेक ठिकाणी सभासदांना तिकिटं आधी काढता येतात. वर्षात तीन-चार कार्यक्रम ऐकणार असाल तर सभासद व्हा, कारण नावाजलेल्या गायकाची तिकिटं सर्वसाधारण विक्री सुरू होईपर्यंत अर्धी संपलेली असू शकतात. सँटा मोनिकातल्या मकेब्ज गिटार शॉपमध्ये तर कार्यक्रम दुकानाच्याच मागच्या खोलीत होतात. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, खाली सुमारे दीडशे घडीच्या खुर्च्या. दोन तासांत पाठ बोलू लागते, पण गायकाचा श्वास ऐकू येतो.

नॅशव्हिलचं ब्लूबर्ड कॅफे (१९८२) जेमतेम नव्वद जणांचं. एका साध्या दुकानांच्या रांगेत ते आहे आणि बाहेरून पाहिलं तर सहज चुकतं. तीन-चार गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि आळीपाळीनं आपापलं गाणं म्हणतात. याला ‘इन द राउंड’ म्हणतात. आरक्षण ऑनलाइन उघडतं आणि काही मिनिटांत संपतं, म्हणून खातं आधीच तयार ठेवा. प्रत्येक खुर्चीमागे खाण्यापिण्याची किमान खरेदी असते, ती हिशेबात धरा. बोलणाऱ्याला गप्प करण्याची तिथली प्रथा प्रसिद्ध आहे. कर्मचारी येऊन सांगतात आणि त्याबद्दल कुणी रागावत नाही.

रायमन ऑडिटोरियम ही नॅशव्हिलचीच दुसरी तऱ्हा. १८९२ मध्ये प्रार्थनागृह म्हणून उघडलेली इमारत, २,३६२ आसनं, आणि आसनं म्हणजे चर्चमधली लाकडी बाकं. ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओ कार्यक्रम १९४३ ते १९७४ या काळात इथून होत असे. मोठं असूनही इथं आवाज छान लागतो, पण दोन गोष्टी सांभाळा. बाल्कनीखालच्या काही जागांसमोर खांब येतात. आराखड्यात ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ अशी खूण असेल तर ती जागा सोडा. आणि बाकांना हात नाहीत, प्रत्येकाची जागा फक्त क्रमांकानं ठरते. हाउसफुल रात्री खांद्याला खांदा लागतोच. जाड कोट नेला तर तो मांडीवरच राहील.

टेक्ससमध्ये न्यू ब्राउनफेल्सजवळचा ग्रीन हॉल १८७८ चा. हा डान्स हॉल आहे. वातानुकूलन नाही. लोक उभे राहतात, नाचतात, बिअर पितात, गप्पा मारतात, आणि ते चुकीचं नाही, जागाच तशी आहे. गायक बँड घेऊन आला असेल तर इथली रात्र मजेची. एकटा गिटार घेऊन हळू आवाजात गाणारा असेल तर हीच तारीख सोडून दुसरीकडची पाहा.

व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाचं बर्चमीअर आणि अनेक शहरांत शाखा असलेली सिटी वाइनरी इथं टेबलाशी बसून जेवता जेवता ऐकायचं असतं. बर्चमीअरमध्ये ठरावीक आसन नसतं. आल्यावर रांगेचा क्रमांक मिळतो आणि त्या क्रमानं आत सोडतात, म्हणून लवकर पोचण्याला तिथं खरी किंमत आहे. टेबलांच्या हॉलमध्ये अर्ध्या खुर्च्या मंचाला काटकोनात असतात आणि दोन तास मान वळवून बसावं लागतं. निवड असेल तर मंचाकडे तोंड असलेली खुर्ची धरा. पदार्थ मुख्य गायक येण्याआधी मागवून बिलही चुकवून टाका, नाहीतर नेमक्या सर्वांत हळव्या गाण्यात तुमच्या शेजारी बशा वाजतात. टेबलावर वाढलं जातं तिथं बिलावर १८ ते २० टक्के टिप धरतात.

महोत्सवांबद्दल थोडक्यात. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात ऑक्टोबरच्या सुरुवातीला होणारा हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास २००१ पासून विनामूल्य आहे. सप्टेंबरात नॅशव्हिलमध्ये अमेरिकानाफेस्ट असतो; त्याचा पास असला तरी हॉल भरला की बाहेरच थांबावं लागतं. एका दिवसात दहा गायक चाखायला महोत्सव चांगले. पण तिथं ज्येष्ठ गायकालाही तासाभराच्या आसपासच वेळ मिळतो आणि शेजारच्या मंचाचा ढोल त्याच्या गाण्यात घुसतो. ज्याच्यासाठी खास जायचं त्याला महोत्सवात गाठू नये.

घरगुती मैफली, म्हणजे हाउस कॉन्सर्ट, हाही एक मार्ग आहे. कुणाच्या तरी दिवाणखान्यात तीस-चाळीस माणसं जमतात, ध्वनिक्षेपक बहुधा नसतोच आणि तिकिटाऐवजी सुचवलेली देणगी असते, जी सहसा पूर्णपणे गायकाला जाते. पत्ता नाव नोंदवल्यावरच कळतो. येणार म्हणून कळवलं आणि गेलंच नाही, तर इतक्या छोट्या जमावात ती खुर्ची डोळ्यांत भरते. जमणार नसेल तर आधी कळवा.

जाहिरातीतले शब्द

जाहिरातीत गायकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत काय आहे ते नीट वाचा. ‘सोलो’ किंवा ‘सोलो ॲकॉस्टिक’ म्हणजे एकटा, गिटार आणि बहुधा हार्मोनिका. शब्द सर्वांत स्पष्ट ऐकू येतात, किस्से जास्त आणि गाण्यांचा क्रम ऐन वेळी बदलू शकतो. ‘ड्युओ’ आणि ‘ट्रिओ’मध्ये गिटार, फिडल, मँडोलिन किंवा डबल बेसची जोड असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्यासाठी हाच प्रकार सगळ्यांत भरवशाचा, कारण चाल भरलेली वाटते आणि आवाज झाकला जात नाही. ‘फुल बँड’ म्हणजे ड्रम आले, आवाज वाढला, आणि हळू गाणी कमी झाली. ‘ॲन इव्हनिंग विथ’ असं लिहिलं असेल तर सहसा आधी दुसरा कुणी गाणार नाही. बरेचदा मध्ये विश्रांती घेऊन दोन भाग होतात. अशा रात्री उशीर परवडत नाही.

‘जनरल ॲडमिशन’ म्हणजे ठरावीक आसन नाही. त्यापुढे ‘सीटेड’ असेल तर खुर्च्या आहेत. काहीच लिहिलं नसेल तर हॉलला फोन करून विचारा, कारण उभं राहावं लागण्याची शक्यता मोठी. ‘२१+’ लिहिलं असेल तर वयाचा मूळ पुरावा लागतो. परदेशी पाहुण्यांनी पासपोर्टच न्यावा; फोनमधला फोटो दारावर चालेल असं गृहीत धरू नका.

तिकीट

शोधयंत्रात गायकाचं आणि हॉलचं नाव टाकलं की सर्वांत वर बरेचदा जाहिरात येते, ती पुनर्विक्रीच्या साइटची. ती हॉलच्या अधिकृत साइटसारखी दिसते आणि मूळ विक्रीत तिकिटं शिल्लक असतानाही दुप्पट भाव लावते. म्हणून सुरुवात नेहमी गायकाच्या स्वतःच्या साइटवरून करायची. तिथल्या दौऱ्याच्या पानावर तारखेपुढची लिंक दाबली की योग्य ठिकाणी पोचता. त्याच साइटवर ईमेल नोंदवून ठेवलात तर आगाऊ विक्रीचा कोडही येतो.

विक्रीची वेळ हॉलच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे असते. नॅशव्हिल मध्य वेळेत आहे, न्यूयॉर्क त्याच्या एक तास पुढे, कॅलिफोर्निया दोन तास मागे. या गोंधळात चांगल्या जागा जातात. १२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या नियमानुसार कार्यक्रमाच्या तिकिटाची सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते, त्यामुळे दोन साइट्सची तुलना आता सोपी झाली आहे. हॉलच्या खिडकीवर जाऊन घेतलं तर काही ठिकाणी ऑनलाइन शुल्क वाचतं.

हाउसफुल दिसलं तरी लगेच पुनर्विक्रीकडे धावू नका. गायकाचे पाहुणे, ध्वनीचं टेबल, कॅमेरे यांसाठी काही खुर्च्या राखून ठेवलेल्या असतात. मंचाची मांडणी पक्की झाली की त्यातल्या उरलेल्या विक्रीला येतात, बहुधा शेवटच्या आठवड्यात किंवा त्याच दिवशी दुपारी. त्या काळात अधिकृत पान दिवसातून दोनदा उघडून पाहा. एका माणसासाठी एकटी खुर्ची मिळण्याची शक्यता जोडीपेक्षा बरीच जास्त असते.

मोबाइल तिकिटांवरचा बारकोड काही कंपन्यांत सतत बदलतो. त्याचा स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. घरून निघण्यापूर्वीच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये टाका. रांगेत शेकडो फोन असताना नेटवर्क मेलेलं असतं. ‘विल कॉल’, म्हणजे हॉलच्या खिडकीवरून उचलायचं तिकीट, घेतलं असेल तर खरेदीदाराच्या नावाचं ओळखपत्र लागतं, सोबत आलेल्या मित्राचं नव्हे.

कुठे बसावं

पहिली रांग मोहात पाडते. मोठ्या हॉलमध्ये मुख्य स्पीकर मंचाच्या दोन बाजूंना, उंचावर असतात आणि त्यांचा रोख मागच्या प्रेक्षकांकडे असतो. अगदी पुढे बसलं की ड्रम आणि गिटारचा ॲम्प थेट कानावर येतात, गायकाचा आवाज मात्र डोक्यावरून जातो. काही हॉल मंचाच्या कडेला छोटे स्पीकर लावून ही उणीव भरतात, सगळे नाही. बँड असेल तर हॉलच्या मध्यावर, ध्वनिनियंत्रणाच्या टेबलाच्या दोन-तीन रांगा पुढे बसा. ध्वनितंत्रज्ञ जे ऐकून सगळं जमवतो तेच तुम्हाला ऐकू येतं. बाल्कनीच्या खाली खोलवरची जागा टाळा. तिथं वरच्या स्पीकरचा आवाज थेट पोचत नाही, व्यंजनं बोथट होतात आणि कळतं ते फक्त गुणगुणणं. स्पीकरच्या रेषेबाहेरच्या कडेच्या खुर्च्यांचंही तेच. सोलो कार्यक्रमात, लहान खोलीत, हे सगळं विसरून तिसऱ्या ते पाचव्या रांगेत बसा.

गिटार शिकणाऱ्यांसाठी एक बारकावा. उजव्या हातानं वाजवणाऱ्याच्या गिटारची मान प्रेक्षकांच्या उजव्या बाजूला येते. डाव्या हाताचे कॉर्ड आणि कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) कुठल्या फ्रेटवर आहे हे पाहायचं तर हॉलच्या उजव्या अंगाला बसा; उजव्या हाताची बोटं कशी चालतात ते पाहायचं तर डाव्या.

कान सांभाळायची बूच, म्हणजे इअरप्लग, बँडच्या रात्री खिशात हवीतच. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत चालतात आणि दर ३ डेसिबलनं हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. फोमची स्वस्त बुचं उच्च स्वर जास्त खातात, त्यामुळे शब्द आधी हरवतात. संगीतासाठीची फिल्टरवाली घ्या. ती सगळे स्वर साधारण सारखेच कमी करतात.

ऐकायची तयारी

तीन अल्बम पुरतात: गायकाला नाव मिळवून देणारा जुना, अगदी ताजा, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाचं एखादं ध्वनिमुद्रण. ताजा अल्बम टाळू नका, कारण दौरा बहुधा त्याच्याचसाठी असतो आणि कार्यक्रमातली चार-सहा गाणी त्यातली येतात. जी आठ-दहा गाणी आवडतील त्यांचे शब्द डोळ्यांखालून घाला. टेक्सस किंवा लुइझियानाचे उच्चार पहिल्या ऐकण्यात निसटतात, आणि गाण्यांत गावांची, नद्यांची, महामार्गांची नावं सारखी येतात. नकाशा एकदा उघडून पाहिला की निम्मी गाणी जमिनीवर येतात. मागच्या कार्यक्रमांत कुठली गाणी झाली हे सेटलिस्ट डॉट एफएमवर मिळतं. बँडचे कार्यक्रम रोज जवळपास सारखे असतात, तेव्हा नवल टिकवायचं असेल तर ती यादी पाहू नका.

त्या रात्री

तिकिटावर दोन वेळा असतात. ‘डोअर्स’ म्हणजे दार उघडण्याची, ‘शो’ म्हणजे सुरू होण्याची, आणि सुरू होतो तो आधीचा गायक. तो साधारण अर्धा-पाऊण तास गातो, मग पंधरा-वीस मिनिटं मंच आवरतात, आणि मुख्य गायक दीड तासाच्या आसपास. आधीच्या गायकाला चुकवू नका. ज्येष्ठ गीतकार बरेचदा ही निवड स्वतः करतात, आणि तोच तरुण गायक शेवटी त्यांच्यासोबत गायला उभा राहतो. बाहेर जायचं असेल तर मंच आवरतानाच जा; त्यानंतर फक्त दोन गाण्यांच्या मध्ये, टाळ्या चालू असताना.

गाणं चालू असताना कुजबुजही नको. लहान खोलीत ती मंचापर्यंत जाते. सर्वांत नाजूक क्षण गिटार जुळवण्याचे. हे लोक एका गाण्यासाठी खालची तार उतरवतात, दुसऱ्यासाठी पुन्हा चढवतात आणि त्या मिनिटभरात गाण्याची गोष्ट सांगतात. ध्वनिमुद्रणात न मिळणारा भाग तोच, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी मागून सर्वांत प्रसिद्ध गाण्याचं नाव ओरडतो. ते गाणं बहुधा शेवटाकडे येणारच असतं. फर्माईश करायचीच तर गायकानं विचारल्यावर करा आणि कमी गायलं जाणारं काहीतरी मागा. सोबत गाणं फक्त ध्रुवपदात, तेही बोलावलं तर.

फोनचे नियम गायकागणिक वेगळे असतात. बॉब डिलनच्या कार्यक्रमांत फोन कुलूपबंद पिशवीत ठेवायला लावतात. असा नियम असेल तर घरच्यांना आधी कळवून ठेवा आणि भेटायची जागा तोंडी ठरवा. नियम नसेल तरी फ्लॅश बंद, पडद्याचा उजेड कमी, आणि एखाद्या गाण्यापुरताच.

वयाचा हिशेब

सत्तरीतला आवाज तिशीतल्या ध्वनिमुद्रणासारखा लागणार नाही. गायक पट्टी उतरवतात, लांब सूर तोडून बोलल्यासारखे म्हणतात, वरचे स्वर साथीदाराला देतात. गीतकार-गायक जॉन प्राइन यांच्या मानेवर १९९८ मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज खरखरीत, खाली उतरलेला झाला. त्यानंतरही २०२० मध्ये निधन होईपर्यंत त्यांच्या कार्यक्रमांना गर्दी होती. लुसिंडा विल्यम्स यांना नोव्हेंबर २०२० मध्ये पक्षाघात झाला. गिटार वाजवणं अवघड झालं, पण पुढच्याच वर्षी त्या मंचावर परतल्या. साथीला बँड, आणि गळा शाबूत. जायच्या आधी अलीकडच्या वर्षभरातलं एखादं प्रत्यक्ष गायन ऐका, म्हणजे काय ऐकायला चाललोय ते ठाऊक असेल.

तारखा हलतात. कार्यक्रम रद्द झाला तर मूळ विक्रेता पैसे परत करतो. पुढे ढकलला तर जुनं तिकीट नव्या तारखेला चालतं आणि परतावा हवा असल्यास ठरलेल्या मुदतीत मागावा लागतो. ती मुदत ईमेलमध्ये असते, आणि तो ईमेल नको त्या फोल्डरमध्ये पडलेला सापडतो. विमानानं जाणार असाल तर हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, आदल्या दिवशी पोचा. जमल्यास अशा शहरात जा जिथं तोच गायक लागोपाठ दोन रात्री गातो.

विक्रीचं टेबल आणि सही

सीडी, एलपी आणि टी-शर्ट यांची विक्री गायकाच्या कमाईचा मोठा भाग असते, कारण एका स्ट्रीममागे सेंटचाही छोटा अंश हाती येतो. शर्टाचे मधले आकार लवकर संपतात, ते आधीच घ्या. एलपी शेवटी घ्या, नाहीतर दोन तास ती मांडीवर सांभाळावी लागते. छोट्या ठिकाणी थोडी रोख असू द्या, तर मोठी सभागृहं बरेचदा फक्त कार्ड घेतात.

कार्यक्रमानंतर गायक टेबलाशी येणार आहे का, हे विक्री करणाऱ्यालाच विचारा. मंचामागे जाण्याचा प्रयत्न करू नका. सहीसाठी एकच वस्तू पुढे करा, प्लास्टिकचं वेष्टण आधीच काढलेलं असू द्या, आणि मुखपृष्ठ गडद असेल तर चंदेरी मार्कर जवळ ठेवा. शाई वाळायला मिनिटभर लागतं, लगेच पिशवीत टाकली तर सही पुसट होते. एका गाण्याबद्दल एक वाक्य बोला आणि पुढच्याला जागा द्या. साठ माणसं मागे उभी असतात आणि गायक दोन तास गाऊन आलेला असतो. एलपी उन्हाळ्यात गाडीत ठेवून जेवायला थांबू नका. बंद गाडीतल्या उष्णतेनं ती वाकते, आणि वाकलेली तबकडी पुन्हा सरळ होत नाही.